थोड्या पाण्यावर जगणारे झाड

दहा बाय बाराच्या खोलीत माणसांनाच जागा पुरत नाही, तिथे झाड कुठे ठेवायचे, असा प्रश्न अनेक भगिनी विचारतात. नळाला पाणी तासभर येते आणि घरातली मोठी माणसे दिवसभर कामावर असतात. अशा घरासाठी स्नेक प्लांट सोयीचे आहे. तलवारीसारखी उभी, जाड आणि आडव्या पट्ट्यांची पाने ही त्याची ओळख. काही जण त्याला 'सासूची जीभ' असेही म्हणतात.

हे झाड मूळचे पश्चिम आफ्रिकेतले. त्याची जाड पाने पाणी साठवून ठेवतात. पानांवरील बारीक छिद्रे दिवसा बहुतांशी मिटलेली असतात व रात्री उघडतात, त्यामुळे पाणी कमी उडते. आपण पंधरा दिवस गावी गेलो तरी ते टिकते.

लागवड : महागडी कुंडी नको. तळाला भोके पाडलेला तेलाचा डबा चालतो. दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग शेणखत घ्यावे. पाणी झटकन निथळले पाहिजे. खिडकीजवळचा उजेड उत्तम. कमी उजेडातही झाड तगते, मात्र वाढ मंदावते.

पाणी : हे झाड तहानेपेक्षा जास्त पाण्याने मरते. माती बोटाने दोन इंच उकरून पाहावी, कोरडी असेल तरच पाणी द्यावे. उन्हाळ्यात साधारण दहा-पंधरा दिवसांनी, पावसाळ्यात व थंडीत त्याहून कमी. पाने बुडाशी पिवळी व मऊ पडली, तर मुळे कुजली असे समजावे. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पानांवरची धूळ पुसावी.

नवी रोपे : पानाचे चार बोटे लांबीचे तुकडे कापून दोन-तीन दिवस सुकवावेत आणि खालची बाजू खालीच ठेवून वाळूत खोचावेत. मुळे फुटायला महिना-दोन महिने लागतात. पिवळ्या काठाच्या जातीचा तुकडा लावल्यास नवे रोप साधे हिरवे निघते. काठ हवा असेल तर मुळासकट फुटवा वेगळा करावा.

सावधान : पान चघळल्यास मळमळ, उलट्या होऊ शकतात. रांगत्या मुलाच्या हाती लागणार नाही असे ठेवावे. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. डेंग्यूचे डास अशाच पाण्यात वाढतात.

हे झाड रात्रभर ऑक्सिजन देते, वास्तुदोष घालवते, असे सांगून विक्रेते जादा पैसे घेतात. खरे असे की ऑक्सिजन तयार व्हायला उजेड लागतो, रात्री तो होत नाही. अमेरिकेच्या नासा संस्थेने 1989 साली बंद पेटीत प्रयोग केले, त्यावरून 'हवा शुद्ध करणारे झाड' हा बोलबाला झाला. परंतु 2019 साली अशा अनेक प्रयोगांचा आढावा घेतला गेला. साध्या वायुवीजनाइतकी हवा साफ करायला दर चौरस मीटरला किमान दहा झाडे लागतील, असे त्यात दिसले. म्हणजे आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत शंभरावर कुंड्या! तेव्हा स्वयंपाकाचा धूर जायला खिडकी उघडावी, झाडावर विसंबू नये.

झाड लावावे ते डोळ्यांना हिरवे दिसावे म्हणून, मुलांना जीव लावायची सवय लागावी म्हणून. त्यासाठी विकत घेण्याचीही गरज नाही. शेजाऱ्याकडून एक पान मागून आणा, आणि रुजले की पुढच्या घरी एक रोप द्या.