पाण्याचे माप : मोजपात्रांचा वर्गातील उपयोग

भोसरीच्या कारखान्यांत लेथवर काम करणारा कामगार शीतक तेल पाण्यात मिसळतो ते साधारणतः एकास वीस या प्रमाणात. त्याच्या मुलास लिटर-मिलिलिटरचे कोष्टक मुखोद्गत असते. परंतु २०० मिलिलिटर पाणी ओतावयास सांगितले, तर हात कोठे थांबवावा हे त्याला पुष्कळदा उमगत नाही. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर हे जुन्या पिढीने घरी धान्य मोजतानाच जाणले होते. १९५६ च्या कायद्यानंतर दशमान मापे आली, जुनी मागे पडली. आता हा सराव शाळेनेच द्यावयाचा आहे.

आरंभी खुणा असलेला एक लिटरचा जग घ्यावा. तांब्यात किती पाणी मावेल याचा अंदाज मुलांनी आधी फळ्यावर लिहावा, मग मोजावे. तेच पाणी अरुंद भांड्यात ओतले की लहान मुलांना ते वाढल्यासारखे वाटते. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे (१८९६–१९८०) यांच्या मते सुमारे सात वर्षांपर्यंत हे स्वाभाविकच आहे. तेव्हा अशा मुलास दटावू नये. पाणी पुन्हा मूळ भांड्यात ओतू द्यावे.

काचेच्या मोजपात्रात पाणी कडेला किंचित वर चढते व मध्ये खोलगट राहते. पात्र सपाट मेजावर ठेवून, डोळे त्या पातळीस आणून, खोलगट भागाच्या तळाशी जुळणारी खूण वाचावी. वरून पाहिल्यास माप अधिक दिसते, खालून पाहिल्यास कमी. चंचुपात्रावरील खुणा मात्र अदमासापुरत्याच समजाव्यात.

भोसरीत लोखंडी नटांना तोटा नाही. मोजपात्रात ५० मिलिलिटर पाणी घेऊन नट दोऱ्याने अलगद आत सोडावा. नुसता टाकल्यास काच फुटेल. पाणी ६२ वर आले, तर नटाचे घनफळ १२ घन सेंटिमीटर.

वरच्या वर्गांत जलसंजीवनीचे पाकीट अवश्य आणावे. एक लिटरसाठी असलेली पूड २०० मिलिलिटरच्या पेल्यात कालविली, तर द्रावण पाचपट तीव्र होऊन जुलाबाने क्षीण झालेल्या बालकास अपाय होतो. पाकिटावर लिहिलेले माप वाचून मुलांनी तितके पाणी स्वतः मोजावे. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने घरचा पेला आणून तो किती मिलिलिटरचा ते पाहावे; दोन घरचे पेले बहुधा सारखे भरत नाहीत.