रोजचा अध्याय, रोजचा भरवसा

कंधारात रोजच्या ग्रंथवाचनाचं कुणाला नवल नाही. एका घरी हरिपाठ, दुसऱ्या घरी कुराणाचं पठण, श्रावणात पोथी. तिकडे नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यात रोजचा हुकुमनामा. आम्हा ख्रिस्त्यांच्या घरांत पवित्र शास्त्राचा अध्याय वाचतात. रोज वाचल्याने विश्वास वाढतो असं सगळेच म्हणतात. तो कसा वाढतो, हे मात्र कमी सांगितलं जातं.

किती वाचायचं?

प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या बायबलात ६६ पुस्तकं आणि १,१८९ अध्याय आहेत. दिवसाला तीन-चार अध्याय वाचले की वर्षात ग्रंथ पुरा होतो. डंडीचे स्कॉटिश पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी असाच तक्ता केला: रोज चार अध्याय, म्हणजे वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. तो आजही वापरात आहे. एवढं झेपत नसेल तर एकच अध्याय वाचावा, पण क्रमाने.

क्रमाने का?

आवडीची वचनं निवडून वाचली की आपल्याला फक्त दिलासा देणारा देव भेटतो. तेविसावं स्तोत्र पुष्कळांना पाठ असतं. अठ्ठ्याऐंशीवं कोण पाठ करतं? त्यात माणूस देवाला रात्रंदिवस हाका मारतो आणि स्तोत्र अंधारातच संपतं. शेवटी सांत्वनाची एक ओळही नाही. तरी ते शास्त्रात ठेवलं आहे, कारण तीही प्रार्थनाच आहे. मार्कच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप येशूला सांगतो की माझा विश्वास आहे, आणि त्याच दमात आपल्या अविश्वासासाठी मदत मागतो. येशू त्याला परत पाठवत नाही, मुलाला बरं करतो. ज्याच्याशी भांडता येतं, त्याच्यावरच माणसाचा खरा भरवसा असतो, हे मला या पानांनी शिकवलं.

कोरडवाहू मुलखात वाचताना

मराठवाड्यात काही अध्याय वेगळेच लागू होतात. निर्गमच्या सतराव्या अध्यायात पाण्यावाचून तहानलेले लोक विचारतात, देव आपल्यामध्ये आहे की नाही? २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तो उन्हाळा ज्यांनी काढला, त्यांना हा प्रश्न परका वाटणार नाही. रूथचं पुस्तक दुष्काळानेच सुरू होतं: घर सोडून परमुलखात गेलेलं कुटुंब, तिथेच झालेले मृत्यू, मग परत आलेली सासू आणि तिच्यासाठी परक्याच्या शेतात सरवा वेचणारी विधवा सून. ऊसतोडीला घरदार सोडून जाणाऱ्यांच्या या भागात त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आणि संदेष्टा हबक्कूक! झाडाला फळ नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी देवाच्या ठायी आनंद करीन, असं तो म्हणतो. पीक येईल असं आश्वासन त्याला मिळालेलं नाही. म्हणून मला हा शास्त्रातला सर्वांत कठीण भाग वाटतो, आणि सर्वांत प्रामाणिकही.

वाचणारे आणि मराठीत आणणारे

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला. ते वाचत गेले, आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना आणखी पाच वर्षं लागली. विश्वास यायला एकाच घरातही प्रत्येकाला वेगळा वेळ लागतो. पंडिता रमाबाईंनी तर हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. साध्या बायामाणसांना कळेल अशी भाषा त्यांना हवी होती. केडगावच्या मुक्ती मिशनचा कारभार, मुलगी मनोरमेचा १९२१ मधला मृत्यू, हे सगळं सोसत त्यांनी काम पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. आमच्या काळात ‘सुबोध बायबल’ करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये आपल्या मराठवाड्यात, धाराशिवला, साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

सुरुवात कुठून?

उत्पत्तीपासून सुरू करणारे बरेचजण लेवीयात अडकतात. नव्या वाचकाने मार्कचं शुभवर्तमान घ्यावं. अवघे सोळा अध्याय आहेत. त्यानंतर स्तोत्रं, आणि अठ्ठ्याऐंशीवं गाळू नये.