खळ्यापर्यंत नेट

धान कापून झालं की किरनापुरातल्या माझ्या दुकानात येणारी माणसं बदलतात. एरवी प्रिंटर दुरुस्ती, चार्जर, पेनड्राइव्ह. या दिवसांत मात्र, "भाऊ, खळ्यावर कॅमेरा लावायचा आहे. घरचं नेट तिथवर जाईल का?" चिन्नोरची पोती खळ्याजवळच्या गोदामात असतात, घर दोनशे मीटर दूर, मध्ये बांध्या, आंबा, गुरांचा कोठा. इलाज मात्र प्रत्येकानं आधीच ठरवलेला असतो : मोठा, चार अँटेनांचा राउटर.

तो मी यासाठी विकत नाही. देवळावरचा भोंगा शिवारभर ऐकू येतो, पण शिवारातून दिलेली ओ देवळात पोचत नाही, तशी गत होते. राउटर जोरात बोलेल, फोनला तेवढा जोर कुठून येणार? रेंजच्या दांड्या दिसतात आणि पान काही उघडत नाही. शिवाय गोदामाला लोखंडी पत्रे असले की उरलीसुरली लहरही बाहेरच अडते. भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायचा रिपीटर ऐकलेलं पुन्हा बोलतो; बहुतेक स्वस्त रिपीटर दोन्ही कामं एकाच रेडिओवर करतात, म्हणून वेग निम्म्यावर येतो. माजघरातून पडवीत न्यायला तो ठीक.

मग लोक केबलवर येतात. लॅनची तांब्याची केबल 100 मीटरपर्यंतच धरायची. मध्ये स्विच बसवून पुढे नेता येते, पण मी अंतरापेक्षा विजेला जास्त भितो. घराचं अर्थिंग वेगळं, गोदामाचं वेगळं. जवळपास कुठे वीज पडली की त्या दोन जमिनींमध्ये क्षणभर प्रचंड दाबाचा फरक तयार होतो आणि तो फेडायला तांब्याची तार आयतीच मिळते. एका टोकाला कॅमेरा जळतो, दुसऱ्या टोकाला राउटर, कधी त्याला जोडलेला टीव्हीसुद्धा. वीज घरावर पडायची गरज नाही, पलीकडच्या मोहावर पडली तरी पुरे. मलाजखंडची तांब्याची खाण आमच्याच जिल्ह्यात आहे, तरी दोन इमारतींच्या मध्ये तांबं नको हेच मी सांगतो.

तिथे फायबर टाकावं. काचेतून उजेड जातो, करंट जात नाही. लोकांना वाटतं हे कंपन्यांचं महागडं काम. प्रत्यक्षात केबल टीव्हीवाल्या पोरांकडे जोडणीचं यंत्र असतं आणि दोन टोकं जोडायला फार वेळ लागत नाही. काचेचा धागा जाडीला मिलिमीटरचा आठवा भाग. त्यावरचं आवरण सोलायचं, स्पिरिटनं पुसायचं, टोक सरळ कापायचं, यंत्रात समोरासमोर धरायचं. ठिणगी उडते आणि काच काचेत विरघळते. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर लागतात. एकाच धाग्यावर काम करणारे असतील तर एक ए आणि एक बी अशी जोडीच घ्या : एक 1310 नॅनोमीटरवर बोलतो नि 1550 वर ऐकतो, दुसरा त्याच्या उलट. दोन्ही ए आणले तर दोघं बोलतात, ऐकत कुणी नाही.

केबल घेताना आत पोलादी तार नसलेली घ्या, नाहीतर विजेला पुन्हा वाट दिलीत. ती काळ्या एचडीपीई पाइपात घालून धुऱ्याच्या कडेनं पुरा, बांधीतून आडवी कधीच नको. चिखलणीचा ट्रॅक्टर तिला ओढून काढील. पाइपाची तोंडं बंद करा, घुशींना आत घर मिळतं. दोन धाग्यांची केबल घेऊन एक रिकामा ठेवावा. काकाजी लोक यावर हमखास हुज्जत घालतात, पण भाव चार पैशांनीच वाढतो आणि खणायची मजुरी तेवढीच राहते.

खणायची सोयच नसेल, मध्ये दुसऱ्याचं शेत किंवा नाला असेल, तर रेडिओची जोडी. घराबाहेर 5 गिगाहर्ट्झचे पट्टे ठरलेल्या ताकदीच्या आत वापरायला 2018 पासून परवाना लागत नाही. दोन रेडिओ एकमेकांना दिसले पाहिजेत, आणि नुसती रेघ मोकळी असून भागत नाही : 300 मीटरच्या अंतरात मधोमध रेघेभोवती सगळीकडून सुमारे 2 मीटर जागा लागते. आमच्याकडची खरी गोम सागवान. चैत्रात झाड उघडं असतं, रेडिओ बसवला की झकास चालतो; आषाढात परातीएवढी ओली पानं येतात आणि गिऱ्हाईक दुकानात येतं. म्हणून रेडिओची जागा पावसाळ्यातलं झाड डोळ्यांपुढे आणून ठरवावी. तो घराच्या सगळ्यात उंच टोकावरही नको, आणि त्याच्या केबलला सर्ज अरेस्टर हवाच.

झाडांचा हा त्रास मोठ्या संस्थांनाही सुटला नाही. आयआयटी मुंबईच्या अभय करंदीकर यांच्या चमूनं 'ग्राममार्ग' प्रकल्पात पालघरच्या गावांमध्ये टीव्हीच्या पट्ट्यातल्या रिकाम्या लहरी वापरून पाहिल्या. 470 ते 590 मेगाहर्ट्झच्या या लहरी पानांना फारशा अडत नाहीत. आपल्याला मात्र दुकानात मिळतात ते 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झचेच डबे.

उरला वीजपुरवठा. शेताच्या फीडरवर लाइट दिवसभर नसते, आणि चोर काही वेळापत्रक बघून येत नाही. कॅमेरा नि कन्व्हर्टर मिळून 10 वॅट धरले तर दिवसाला 240 वॅट-तास होतात. 12 व्होल्टची 40 अँपिअर-तासांची बॅटरी 480 देते. निम्मीच वापरली तर एक दिवस निघतो आणि बॅटरीही टिकते. तिच्यावर छोटं सोलर पॅनेल लावलं की मोटारीच्या लाइटशी संबंध उरत नाही.

गोदामात जुना राउटर वापरणार असाल तर तो ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका. दोन्ही डबे स्वतःला 192.168.1.1 म्हणवू लागले तर घरचं नेटही बंद पडतं आणि दोष फायबरला लागतो. वायफायचं नाव नि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवा, चॅनल मात्र वेगळे : घरी 1, गोदामात 6 किंवा 11.