एका बादलीत सायकल

गेल्या पावसाळ्यात छावणीच्या गुरुवारच्या बाजारातून परतताना आमच्या मुलाची सायकल चिखलाने माखली. त्याने ती मोटारसायकली धुणाऱ्या एका दुकानात नेली. प्रेशरचा पाइप फिरला आणि दोन मिनिटांत सायकल नव्यासारखी चमकू लागली. महिनाभरात मात्र मागच्या चाकातून करकर आवाज येऊ लागला. मिस्त्रीने एक्सल खोलला, तर आतले ग्रीस दुधासारखे पांढरे झालेले आणि छर्रे गंजलेले! दुरुस्तीचा खर्च झालाच, शिवाय मुलाला आठ दिवस शाळेत पायी जावे लागले.

असे का झाले? सायकलचे चाक, पायडल आणि हँडलची मान छर्ऱ्यांवर फिरतात आणि छर्रे ग्रीसमध्ये असतात. वरून पडणारा पाऊस तिथे सहसा पोहोचत नाही. पण बाजूने जोरात मारलेले पाणी फटीतून आत घुसते, ग्रीस बिघडवते आणि पोलादाला गंज चढवते. सायकल पाण्याने खराब होत नाही, पाण्याच्या जोराने होते.

घरच्या घरी धुवायला एक बादली पाणी पुरते. अर्धे साबणाचे, अर्धे साधे. सोबत मग, तीन-चार जुनी फडकी आणि जुना टूथब्रश.

सुरुवात चेनपासून करावी, म्हणजे तिची काळी घाण धुतलेल्या भागावर उडत नाही. फडक्याला थोडे रॉकेल किंवा डिझेल लावून चेन त्यात धरावी आणि पायडल उलटे फिरवावे. हे काम चुलीपासून दूर, उघड्यावर करावे. रॉकेल टायरला आणि ब्रेकच्या रबरांना लागू देऊ नये. रबर खराब होते, ब्रेक घसरतो. रॉकेल नसेल तर साबणाचे पाणी आणि टूथब्रशही चालतो.

आपली काळी माती वाळली की दगडासारखी होते. ती कोरडीच खरवडली तर रेतीचे कण रंगावर ओरखडे काढतात. त्यावर ओले फडके दहा मिनिटे ठेवावे, माती आपोआप सुटते. मडगार्डखालचा गोळा लाकडी काडीने काढावा, स्क्रू ड्रायव्हरने नको.

साबणाच्या पाण्यात भांडी घासण्याच्या लिक्विडचे किंवा शाम्पूचे काही थेंब पुरेत. कपड्यांची पावडर नको, तिच्या क्षाराने रंग फिका पडतो. तारेचा चोथाही नको. वरून खाली यावे : हँडल, सीट, फ्रेम, मग चाके. जिथे छर्रे आहेत तिथे पाणी न ओतता पिळलेल्या फडक्याने पुसावे. ओली सायकल उलटी करू नये, सीटच्या आणि हँडलच्या नळीत पाणी उतरते. ब्रेकच्या रबरात रुतलेले खडे काढावेत, नाहीतर ते रिम घासतात.

मग साध्या पाण्याचे फडके फिरवावे, लगेच कोरडे पुसावे आणि सायकल थोडा वेळ हवेत ठेवावी. चेन सुकली की तिच्या प्रत्येक सांध्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडावा, पायडल फिरवावे आणि वरचे तेल पुसून टाकावे. जास्त तेलाला धूळ चिकटते. रिमवर किंवा ब्रेकच्या डिस्कवर तेल मुळीच नको. रस्त्यावर निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेक दाबून पाहावेत.

पाइप सोडून धुण्यात किती बादल्या जातात, याचा हिशेब आपण ठेवत नाही. आपल्या शहराचे पाणी पैठणच्या नाथसागरातून सुमारे पन्नास किलोमीटरवरून येते, तेही नळाला रोज नाही. प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद्द, म्हणजे साधारण पाऊण ते एक लिटर पाण्यात वुजू करत, असे हदीसमध्ये आले आहे. इस्राफ फक्त पैशांचा नसतो. एका बादलीत धुतलेल्या सायकलने पाणी वाचते आणि छर्रेही वाचतात.

आता आमचा मुलगा महिन्यातून एकदा जुम्याच्या सकाळी स्वतःच सायकल धुतो. धाकटी बहीण मग धरते आणि चेनवर तेलाचे थेंब सोडण्याचे काम हक्काने मागून घेते. उरलेल्या साबणाच्या पाण्याने दारापुढची फरशीही धुऊन निघते.