लिनॅक आहे, म्हणून प्रोटॉन नाही

देवास असो की धार, घरात कुणाला कॅन्सर निघाला की चार नातेवाइकांत एक जण हमखास म्हणतो, "इंदूरला कॅटमध्ये प्रोटॉनचं मशीन बनतंय म्हणे, जरा थांबू या." दुसरा म्हणतो, "दवाखान्यात लिनॅक आहे ना, तेच प्रोटॉन." दोन्ही चूक. त्यातही पहिलं ऐकलं की माझा संताप होतो, कारण आपण थांबलो तरी गाठ थांबत नाही.

लिनॅक म्हणजे कणांना सरळ रेषेत वेग देणारं यंत्र. कण कोणते, हे नावावरून कळत नाही. दवाखान्यातला लिनॅक इलेक्ट्रॉन पळवतो. ते धातूवर आदळून क्ष-किरण निघतात आणि ते गाठीवर सोडतात. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या सुमारे 1836 पट जड. त्याला पळवण्याचा खटाटोप वेगळाच.

कॅट, म्हणजे आताचं राजा रामण्णा केंद्र. तिथलं इंडस-2 हे इलेक्ट्रॉनचं वर्तुळाकार यंत्र आहे आणि तिथल्या इलेक्ट्रॉन लिनॅकवर वैद्यकीय साहित्य निर्जंतुक होतं. प्रोटॉन लिनॅकला लागणाऱ्या नायोबियम धातूच्या कॅव्हिटी, म्हणजे कणांना वेग देणाऱ्या पोकळ्या, तिथे बनवल्या आहेत, हे खरं. अफवा बहुधा तिथूनच निघाली. पण त्या संशोधनासाठी आहेत, तिथे रुग्ण घेत नाहीत.

मुंबईत ट्रॉम्बेला भाभा केंद्राच्या 'लेहिपा' या प्रोटॉन लिनॅकने 2023 मध्ये 20 एमईव्ही ऊर्जा गाठली. अभिमान वाटावा असंच काम. पण 20 एमईव्हीचा प्रोटॉन पाण्यात जेमतेम 4 मिलिमीटर जातो, शरीरातही साधारण तेवढाच. 30 सेंटिमीटर खोल जायचं तर 220 ते 230 एमईव्ही हवेत.

मग खारघरला टाटाच्या ॲक्ट्रेकमध्ये 2023 पासून आणि चेन्नईच्या अपोलोत 2019 पासून प्रोटॉन उपचार होतात ते कसे? कणांना गोल फिरवत वेग देणाऱ्या सायक्लोट्रॉनवर. त्यातून प्रोटॉन एकाच ऊर्जेने निघतो. गाठ उथळ असेल तर वाटेत अडसर घालून ऊर्जा उतरवावी लागते आणि बरेच कण वाया जातात. लिनॅकचे शेवटचे टप्पे बंद ठेवले की ऊर्जा आपोआप कमी. याच सोयीसाठी इटलीत फ्रास्काटीला आणि इंग्लंडात डेअर्सबरीला उपचाराचे प्रोटॉन लिनॅक उभे करण्याची धडपड झाली आहे.

प्रोटॉन मिळाला नाही म्हणून उपचार कमी पडला, असंही मानू नका. प्रोटॉन ठरावीक खोलीवर थांबतो, पुढच्या अवयवांना वाचवतो. म्हणून लहान मुलांच्या मेंदूच्या, मणक्याच्या काही गाठींत आणि कवटीच्या तळाच्या गाठींत त्याचं मोल मोठं. पण प्रत्येक ठिकाणी तसं नाही. प्रोस्टेटच्या 450 रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या 'पार्टिक्यूओएल' चाचणीचे निष्कर्ष 2024 मध्ये मांडले गेले. आधुनिक क्ष-किरण उपचार घेतलेल्यांच्या आणि प्रोटॉन घेतलेल्यांच्या जीवनमानात फरक आढळला नाही.

आता बारीकसारीक. बाहेरून किरण घेतलेला रुग्ण घरी किरण सोडत नाही. नातवाला खुशाल मांडीवर घ्यावं. किरण लागताना दुखत नाही. प्रोटॉनने कातडी लाल होतच नाही, असं नाही.

आणि किरणोपचाराला 'शेक' हा आपला शब्द. त्यात शेकण्यासारखं काही नसतं. डोक्या-मानेच्या रुग्णाला ऊब लागते ती एकदाच, मास्क बनवताना: गरम पाण्यातून काढलेली जाळीदार प्लास्टिकची शीट ओली, मऊ असतानाच चेहऱ्यावर ओढतात आणि ती काही मिनिटांत नाकाडोळ्यांचा आकार घेऊन कडक होते.