पळसाच्या मुलखातील नवा कुंचला

गोंदिया जिल्ह्यातील देवरीहून चिचगडकडे निघालेल्या वाटसरूस फाल्गुनात रस्त्याच्या दोहों बाजूंस जो पळस दिसतो, तो नव्या चित्रकाराला मोह घालतो आणि बहुधा फसवितो. कारण पाने झडून गेलेल्या त्या झाडाचा केशरी रंग दुरून इतका प्रबळ वाटतो की, नवशिका हात त्याचे फराटे कागदावर ओढीत सुटतो आणि फूल मात्र राहून जाते. तेच फूल खुडून तळहातावर घेतले म्हणजे निराळाच कारभार उघडकीस येतो: काळसर, मखमली लवेचा पुष्पकोश, त्यातून मागे कललेली एक रुंद पाकळी, बाजूंस लहानशा दोन, आणि पोपटाच्या चोचीप्रमाणे बाक घेतलेला उरलेल्या पाकळ्यांचा जोड. त्या काळ्या कोशावाचून केशरी रंगास धार येत नाही, हे सांगून पटत नाही. ओल्या रंगाशी झटताना ते हातालाच उमगावे लागते.

शिसपेन्सिलीने बाह्यरेषा न आखता, कागद भिजवून त्यावर रंगाचा पहिला थेंब सोडावयाचा आणि तो जिकडे पसरेल तिकडचे धोरण पाहून दुसरा टाकावयाचा, अशी फुले रंगविण्याची अंतःप्रेरित रीत हल्ली नवोदितांत बरीच रुळली आहे. या रीतीने ज्याची त्याची शैली आपोआप गवसते, असे तिचे पुरस्कर्ते म्हणतात. मला हे अर्धेच मान्य आहे. ओला रंग हात मोकळा करतो खरा. परंतु मोकळा झालेला हात जे काढतो ते आभाळातून पडत नाही, आजवर जे पाहिले, सारवले, गुंफले, टाचले, तेच तो कागदावर उतरवितो.

याचा ठळक दाखला फ्रान्स देशातला आहे. सेराफीन लुई (1864–1942) ही तारुण्याचा बराच काळ एका मठात चाकरी करून पुढे सांलिस या गावी परक्यांच्या घरची झाडलोट करणारी बाई. चित्रकलेचे रीतसर शिक्षण तिला मिळालेच नाही. 1912 साली विल्हेल्म ऊड या जर्मन संग्राहकाने त्या गावातील एका घरी सफरचंदांचे चित्र पाहिले, आणि ते आपल्याच मोलकरणीच्या हातचे आहे हे कळताच तो चकित झाला. महायुद्धाने दोघांची ताटातूट केली, ती 1927 पर्यंत. त्यानंतर त्याच्या आश्रयाने तिने दोन-दोन मीटर उंचीचे फुलापानांचे पट रंगविले, ज्यांत पानांना डोळे फुटले आहेत, पाकळ्यांना पिसांची झालर आहे आणि बोटभर जागाही रिकामी नाही. घरे रंगविण्याचा रिपोलिन रंग ती वापरी. त्यात काय कालवी, ते कोणास सांगत नसे. आर्थिक मंदीत ऊडचे साहाय्य आटले, 1932 मध्ये तिची रवानगी मनोरुग्णालयात झाली आणि तिचा कुंचला थांबला. तिच्या पटांतील पेटलेले रंग पाहताना चर्चच्या खिडक्यांतील रंगीत काचा आठवतात; मठातील त्या वर्षांत डोळ्यांत साठलेलेच तिच्या फुलांत उतरले, असे मला वाटते.

चिचगडच्या माणसास सांलिस दूरचे वाटत असेल, तर जनगढ सिंह श्याम अगदी शेजारचा. पूर्वीच्या मंडला जिल्ह्यातील पाटनगढचा हा परधान-गोंड तरुण, ज्याची भिंतीवरची चित्रे चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांच्या सहकाऱ्यांच्या नजरेस पडली आणि 1982 साली उघडलेल्या भोपाळच्या भारत भवनात ज्याला कागद-रंग मिळाले, तो 1989 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनापर्यंत पोहोचला आणि 2001 साली जपानमध्ये अकाली निधन पावला. त्याच्या चित्रांत हरणापेक्षा, झाडापेक्षा मोलाची आहे ती त्यांच्या आतली भरणी: ठिपक्यांच्या आणि बारीक रेघांच्या दाट ओळी. त्याच्या मागून आलेल्या चित्रकारांनी आपापली भरणी घडविली. सही झाकली तरी जाणकार त्यावरून नाव सांगतो. त्यांपैकी दुर्गाबाई व्याम यांची भरणी आईकडून शिकलेल्या, भिंतीवरच्या डिग्न्याच्या नक्षीतून आली.

कागद कोणी पुरवावयाचा, हा प्रश्नही क्षुल्लक नव्हे. बिहारमधील 1966–67 च्या दुष्काळात हस्तकलांच्या पुरस्कर्त्या पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने मुंबईचा चित्रकार भास्कर कुलकर्णी मिथिलेत गेला, आणि कोहबराच्या, म्हणजे नवदांपत्याच्या खोलीच्या, भिंतीवर कमळे काढणाऱ्या स्त्रियांच्या हाती कागद आला. भिंतीवर जी रेषा घराण्याची होती, ती कागदावर सीतादेवींची, जगदंबादेवींची म्हणून नावानिशी ओळखू येऊ लागली. एका मराठी माणसाच्या या कामगिरीची नोंद आपल्याकडे फारच त्रोटक आहे.

एकेकाळच्या जमीनदारीच्या चिचगडात कुंचला धरणाऱ्याने म्हणून परगावच्या गुलाबांच्या नकला करण्यात शाई-कागद खर्ची घालू नये. पहाटे मोहाखाली वेचलेली टपोरी, पिवळसर फुले आहेत, वैशाखात बहाव्याचे घोस आहेत. आणि पळसाच्या पानांची पत्रावळ बारीक चोयांनी टाचताना बोटांत मुरलेला तो आखूड, तिरका टाका आहे, ज्याची गणना कोणी कलेत करीत नाही. एकच फूल हंगामभर काढावे, बिघडलेला कागदही फेकू नये, प्रत्येकाच्या मागे तारीख घालावी, आणि पावसाळा लागला म्हणजे सारे कागद ओसरीवर ओळीने मांडून, न ठरविता वारंवार उमटलेली खूण कोणती ते पाहावे. पुढच्या फाल्गुनात त्याच खुणेने पाकळी भरावयास बसावे.