विश्लेषण : साडेसहा मिलिमीटरचा दुर्मीळ तुडतुडा ओळखला कसा?

आंब्याच्या मोहोरावरचे आणि कपाशीच्या पानाखालचे तुडतुडे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांना वेगळे सांगायला नकोत. त्याच कुळातला एक तुडतुडा २०२२ च्या सुरुवातीला जगभर बातम्यांत झळकला. तो सापडला पश्चिम युगांडातल्या किबाले राष्ट्रीय उद्यानात आणि त्याचे नाव पडले ‘फ्लॉजिस किबालेन्सिस’. यातले फ्लॉजिस हे जणू आडनाव. या आडनावाचा कीटक त्याआधी शेवटचा नोंदला गेला होता १९६९ मध्ये, तोही सेंट्रल आफ्रिकन रिपब्लिकमध्ये.

इंग्लंडच्या अँग्लिया रस्किन विद्यापीठाचे डॉ. अल्विन हेल्डन २०१५ पासून विद्यार्थ्यांना घेऊन किबालेत जात होते. तिथल्या फुलपाखरांची सचित्र मार्गदर्शिकाही त्यांनी तयार केली. हा तुडतुडा मात्र नुसत्या फोटोवर भागणारा नव्हता.

फोटो का पुरत नाही?

काही तुडतुडे पाहताक्षणी ओळखू येतात. युरोपातल्या ओक वृक्षांवरच्या ‘लेड्रा ऑरिटा’च्या पाठीवर कानांसारखे दोन उंचवटे असतात. पण असे थोडेच. जगात तुडतुड्यांच्या २० हजारांहून अधिक प्रजातींना नावे मिळाली आहेत आणि त्यातल्या कितीतरी बाहेरून एकमेकींसारख्याच दिसतात. मोबाइलमधले अ‍ॅप अशा वेळी फार तर कुळापर्यंत पोहोचवते.

मग ओळख कशी पटते?

आधी पाय बघतात. खऱ्या तुडतुड्याच्या मागच्या पायाच्या नडगीवर बारीक काट्यांच्या रांगा असतात. गंमत म्हणजे भातावरचा ‘तपकिरी तुडतुडा’ या कसोटीत बसत नाही. त्याच्या मागच्या पायाला हलणारी आर असते आणि शास्त्राच्या हिशेबात त्याचे कूळच वेगळे. शेतातले नाव आणि प्रयोगशाळेतले नाव यांची गाठ पडेलच असे नाही.

त्यानंतर नर लागतो. त्याच्या पोटाचे टोक वेगळे करून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवतात. मऊ भाग विरघळतो, जननेंद्रियांचे कठीण भाग उरतात. ते ग्लिसरीनमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि संग्रहालयांतले जुने नमुने, वर्णने व रेखाचित्रांशी ताडतात. या भागांचा आकार बहुतेक प्रजातींत निराळा असतो. हाती नुसती मादी असेल, तर तज्ज्ञही अनेकदा अडतात.

किबालेतल्या तुडतुड्याच्या अंगावर धातूसारखी चमक आणि बारीक खळगे आहेत. नराच्या जननेंद्रियाचा काही भाग पानाच्या आकाराचा आहे. हे वर्णन ‘झूटॅक्सा’ या शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाले आणि नवी प्रजाती अधिकृत ठरली.

एवढा खटाटोप कशासाठी?

तुडतुडा म्हटले की आपल्याकडे आधी फवारणी आठवते. पण जंगलातले बहुतेक तुडतुडे पिकांच्या वाटेला जात नाहीत. पानातला रस शोषून ते जगतात आणि स्वतः पक्षी, कोळी यांचे खाद्य होतात. अनेक प्रजाती ठरावीक झाडांवरच राहतात. ते झाड तुटले की कीटकही गेला, आणि त्याला नावच नसेल तर गेल्याची नोंदही नाही. किबालेच्या जंगलाला संरक्षण आहे, पण त्याच्या कडेला शेती आणि चहाचे मळे भिडले आहेत.

नाव मिळाले तरी या तुडतुड्याचे राहणीमान अजून कोडेच आहे. तो कोणत्या झाडाचा रस पितो, हे प्रजाती जाहीर झाली तेव्हा संशोधकांनाही माहीत नव्हते.